मी ‘येतो’ म्हणालो की ‘जातो’

त्या दिवशी सकाळी पंपघराच्या दारात उभ्या असलेल्या बाईला मी गाडीतून न उतरता नेमकं काय म्हणालो, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. दोन शक्यता आहेत. दोन्ही मी कागदावर मांडून पाहिल्या. तिच्या भाषेत दोन्हींचा अर्थ एकच निघतो, आणि मला जे सांगायचं होतं त्याच्या तो बरोबर उलट आहे.

आधी मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. मी डिप्लोमा इंजिनिअर. बावीस वर्षं पाण्याच्या टाक्या, पंप, गाळण्या आणि जंतू मारायच्या टीसीएल पावडरच्या गोण्या यांच्यातच गेली. बहुतेक सगळी पैठण ते आमचं शहर एवढ्याच पट्ट्यात. एक्कावन्नाव्या वर्षी एका मदतसंस्थेच्या कामावर नऊ महिन्यांसाठी दक्षिण सुदानला गेलो. का गेलो, याची मी लोकांना तीन वेगवेगळी कारणं दिली. तिन्ही खरी होती, पण त्यांची बेरीज पूर्ण भरत नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या एका मित्राचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हा मित्र अकरा वर्षं आखातात काम करून परत आलेला. त्याला सांगितलं तेव्हा तो हातातली तांब्याची तार खाली न ठेवता म्हणाला, “वा मियाँ! अपने मोहल्ले में पानी कब आयेगा ये तुमको मालूम नहीं, और चले अफ्रीका को पानी पिलाने!” बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकंही हसली. मलाही हसू आलं, कारण त्या आठवड्यात आमच्याकडं नळाला सातव्या दिवशी पाणी आलं होतं.

विमानतळावर मी बायकोला म्हणालो, “चल, जातो मी.”

तिनं बॅगेचा पट्टाच धरला. “येतो म्हणा.”

“अगं, तेच.”

“तेच नाय. येतो म्हणा, मग सोडते.”

“येतो.”

“आता कसं!”

निघताना जातो म्हणायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी घाईत माझ्या तोंडून जातोच निघतं, मग कुणीतरी दुरुस्त करतं. हा माझा जुना दोष आहे.

तिथं मला मिळालं ते नदीकाठचं विस्थापितांचं एक शिबिर. नदीतून पंपानं पाणी ओढायचं, तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा, टीसीएल मिसळायची आणि अकरा नळांना सोडायचं. काम आपल्याकडच्यासारखंच होतं. फक्त इथं पाण्याला येणारी माणसं तीन-चार दिवस चालून आलेली असत. कुणी कुठून आणि कुणाच्या भीतीनं पळून आलं, हे मला पहिले दोन महिने समजलंच नाही. विचारलं की जो तो वेगळं सांगे. मी नकाशा काढायला घेतला आणि सोडून दिला, कारण एकाच गावावर दोन वेगवेगळ्या बाजूंनी हल्ला केल्याचं मला सांगण्यात आलं, आणि सांगणारे दोघं सख्खे भाऊ होते.

भाषेचाही असाच घोळ. त्या भागात अरबीची एक मोडकी बोली चालते. तिच्यातले काही शब्द आपल्याकडं निजामाच्या वेळेपासून आहेत म्हणून मी आधी खूश झालो. हिसाब, कलम, किताब, खलास. पण शब्द ओळखीचा निघाला की मी जास्तच फसायचो. पहिल्याच दिवशी नळावर सात-आठ बायका रिकामे कॅन आपटत “मोया माफी, मोया माफी” म्हणू लागल्या. मोया म्हणजे पाणी, एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, पाणीपट्टी माफ करा म्हणताहेत. मी हात जोडून इंग्रजीत सांगितलं की इथं पट्टी मुळातच नाही. त्या अजून जोरात ओरडल्या. शेवटी पंप चालवणारी बाई आली, नळ फिरवून कोरडा असल्याचं दाखवलं आणि माझ्या डोळ्यांसमोर रिकामे हात हलवले. माफी म्हणजे तिकडं ‘नाही’. पाणी नाही, एवढंच त्या सांगत होत्या.

पंपवाली बाई चाळिशीच्या आतबाहेरची. उंच, आवाज मोठा, हसली की खोकायची. पूर्वी एका शाळेत स्वयंपाक करायची. डिझेल पंपाचा आवाज ऐकून हवा धरली आहे की गाळ, हे ती माझ्याआधी ओळखायची. मला ‘उस्ताझ’ म्हणायची, म्हणजे गुरुजी. मला ते ‘उस्ताद’ ऐकू यायचं, आणि आमच्याकडं हा शब्द टोमण्यानं बनेल माणसाला लावतात ते आठवून मी पहिले काही दिवस तिच्याकडं जरा संशयानं पाहत असे.

कॅन मोजायला मी वही ठेवली होती, ती खडे ठेवायची. एका दुपारी माझे चारशे बारा झाले आणि तिचे चारशे चौदा. मी म्हणालो, तू चुकलीस. तिनं बोट दाखवलं: दोन म्हाताऱ्या कॅनऐवजी भोपळ्यात पाणी घेऊन चालल्या होत्या. मी भोपळे धरले नव्हते.

आता तो शब्द. एकदा नळावर रेटारेटी झाली, तेव्हा मी मराठीतच ओरडलो, “जा! जा मागं! जा!” गर्दी क्षणभर थांबली आणि पुढं सरकली. मी आणखी ओरडलो, ती आणखी पुढं आली. पंपवाली खोकत खोकत खाली बसली. त्यांच्या बोलीत ‘जा’ म्हणजे येणं. ‘अना बी जा’ म्हणजे मी येईन. जायचं असेल तर ‘रुवा’. मी वहीत दोन रकाने आखून हे लिहून ठेवलं आणि त्याखाली लाल रेघ मारली.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण ती माझी आहे. दोनदा डिझेल मोजताना कमी भरलं, मला चोरीचा संशय आला, तेव्हा मी नियम केला: मी स्वतः येऊन ताबा घेईपर्यंत पंपघर सोडायचं नाही. आमच्या रेडिओ सांभाळणाऱ्या स्थानिक सहकाऱ्यानं तो तिला तिच्या भाषेत समजावला. ती म्हणाली, “आणि लघवीला लागली तर?” तो हसला, मीही हसलो. नियम मात्र राहिला.

आठव्या महिन्यात नदीपलीकडं गोळीबार सुरू झाला. दोन दिवस लांबून ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास हुकूम आला की बाहेरच्या देशांतल्या सगळ्यांनी निघायचं, छोटं विमान थांबलेलं आहे, प्रत्येकी एक पिशवी. मी चालकाला पंपघरावरून गाडी घ्यायला लावली. तो कुरकुरला, पण गेला. थांबला नाही म्हणावं इतकंच थांबला.

पंप सुरू होता. ती दारात आली आणि ओरडून विचारलं, “उस्ताझ, निघालास?”

मी काहीतरी म्हणालो.

तिनं मान डोलावली. “तमाम,” म्हणाली. तिच्या भाषेत तमाम म्हणजे ठीक. गाडी निघाली. विमानात बसल्यावर मी वहीत त्या दिवशीची टाकीची पातळी लिहिली: पाऊण. अक्षर चांगलं आहे.

राजधानीत तीन आठवडे बसवून ठेवलं, मग घरी पाठवलं. परतल्यावर मी बराच काळ कशातच नव्हतो. विचारणाऱ्यांना तिथलं काय सांगावं कळत नसे. “कोण कुणाशी लढतंय तिकडं?” असं कुणी विचारलं की मी सुरुवात करायचो आणि तिसऱ्या वाक्याला मलाच पटेनासं व्हायचं. संस्थेचा एक अर्ज आला: परिस्थिती निवळल्यास पुन्हा जाल का? मी ‘होय’वर खूण केली. बायकोला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. ती विचारेल तेव्हा सांगू म्हटलं.

एप्रिलमध्ये, आमच्याकडं पाण्याचा दिवस होता त्या सकाळी, रेडिओवाल्या सहकाऱ्याचा आवाजी संदेश आला. इंग्रजीत होता, सावकाश बोललेला. बायको गच्चीवरून ओरडत होती, “अहो, टाकी भरली का बघा!” आणि मी जिन्यात बसून तो चौथ्यांदा ऐकत होतो.

त्याचं म्हणणं असं. आम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी बहुतेक शिबिर दक्षिणेकडं चालू लागलं. पंपवालीनं आपली मुलगी बहिणीबरोबर पुढं पाठवली आणि स्वतः मागं राहिली. सहाव्या दिवशी डिझेल संपलं. मग ती बादलीनं नदीतून पाणी आणून पिंपात तुरटी फिरवू लागली, मागं राहिलेल्या चाळीसेक कुटुंबांसाठी. मुलगी आणि बहीण दक्षिणेच्या नव्या वस्तीत सुखरूप आहेत. आता तिकडं जायला ट्रक आले आहेत. दोन ट्रक, चार दिवसांनी निघणार. पाऊस लागला की रस्ता चिखलात जातो, मग सहा महिने काही चालत नाही. आणि ही बाई ट्रकमध्ये बसायला तयार नाही. म्हणते, उस्ताझ येतो म्हणाला आहे. तो आल्यावर ताबा देईन आणि मग जाईन. “मी सांगितलं, तो आता येणार नाही,” सहकारी म्हणाला. “ती म्हणते, तुझ्या सांगण्यावर कशी जाऊ? त्यानं मला त्याच्या तोंडानं सांगितलंय. म्हणून आता तूच तिला तुझ्या तोंडानं सांग.”

मी तिथून निघाल्यापासूनचे दिवस मोजले. एकोणऐंशी झाले होते.

टाकी भरून वाहू लागली. बायको खाली आली ती रागानंच, पण माझा चेहरा बघून शेजारच्या पायरीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, “मुलगी केवढी आहे तिची?”

मला माहीत नव्हतं. तो पंप तासाला किती लिटर टाकतो ते मी झोपेतूनही सांगितलं असतं. पण तिला मुलगी आहे, हेच मला त्या संदेशात पहिल्यांदा कळत होतं.

“आठ महिने रोज बोलत होता तिच्याशी!”

“पाण्याबद्दल बोलत होतो.”

ती उठून टाकीचा नळ बंद करायला गेली.

मग मी जुनी वही काढली आणि त्या सकाळी माझ्या तोंडून काय निघालं असेल ते मांडायला बसलो. एक शक्यता: निघताना येतो म्हणायचं, या सवयीनं मी मनात ‘येतो’ म्हणालो आणि त्याचं बिनचूक भाषांतर केलं. ‘अना बी जा.’ दुसरी शक्यता: घाईत माझ्या तोंडून नेहमीसारखं ‘जातो’ निघालं, आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या तिच्या बोलीत ते ‘अना जा’ असं काहीतरी झालं. पहिल्यात मी रीत पाळली, दुसऱ्यात मोडली. तिला दोन्हींतून ऐकू आलं ते येतो. तिसरीही एक शक्यता आहे, ती मी लिहिली नाही: की मला खरंच परत यायचं होतं आणि मी तसं म्हणालो.

बायको वहीत डोकावून म्हणाली, “हे काय कोष्टक घालून बसलात? तिला फोन लावा.”

“फोन लागत नाही तिथं. संदेशच पाठवावा लागतो.”

“मग पाठवा.”

“काय म्हणू?”

“येत नाही म्हणा.”

“असं तोंडावर?”

तिलाही ते जड गेलं असावं. आपल्याकडं दारातल्या माणसाला कुणी असं सांगत नाही. बघू, जमवू, निघतोच, असं काहीतरी म्हणतो. “तरी म्हणावंच लागेल,” ती म्हणाली. “बाई थांबलीय.”

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की येत नाही हे खरंही नव्हतं. मी ‘होय’वर खूण केलेली होती. मी बायकोला तेही सांगितलं. पाच मिनिटं तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे तिला येतो, मला कुठंच जात नाही, आणि संस्थेला होय. नेमकं करायचंय काय तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. पण संध्याकाळ झाली होती, चार दिवसांतला एक गेला होता.

मी संस्थेला दोन ओळी लिहिल्या की माझं नाव यादीतून काढा. बायको मागं उभी होती. “मी तसं करा म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली.

“तिला येत नाही म्हणायचं तर ते खरं असलं पाहिजे.”

मग वाक्य. ‘अना मा बी जा’, मी येणार नाही. सगळा नकार त्या एका ‘मा’त. आवाज फाटला, मध्येच खरखर झाली आणि तेवढं अक्षर गळालं, तर उरतं ‘अना बी जा’, मी येईन. या धास्तीनं मी नऊ वेळा ध्वनिमुद्रण करून नऊ वेळा पुसलं. शेवटी मित्राच्या दुकानी गेलो. त्यानं माझं वाक्य ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“ये अरबी है? ये तो अरबी का भुर्ता है, भाई.”

“तिकडं असंच बोलतात. मला एवढंच सांग, ‘मा’ ऐकू येतो का?”

त्यानं ग्राइंडर बंद केला. “अर्धा येतो. तू पुटपुटतोयस. नाही म्हणायची शरम वाटतेय तुला. पहिले ‘ला’ बोल. जोर से बोल. ला म्हणजे नाही, ते तर सगळ्या अरबीत एकच. मग बाकी बोल.”

“उद्धट वाटेल.”

“वाटू दे. चिखलात अडकण्यापेक्षा बरं.”

घरी आल्यावर बायकोनं त्यात भर घातली. “नुसतं नाही म्हणून ठेवू नका. पोरगी वाट बघतीय म्हणावं. आणि तो तुमचा नियम, तोही काढून घ्या.”

दहाव्या वेळी मी म्हणालो ते असं: ला. ला. मी येणार नाही. तू जा. (‘जा’ नाही, ‘रुवा’, ते मी दोनदा तपासलं.) पंपघराची किल्ली तिथं राहणाऱ्या कुणालाही दे. ताबा मिळाला असं समज. तुझी मुलगी वाट बघते आहे, तिच्याकडं जा. मला तिला माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द मी शिकलोच नव्हतो. आणि आपला ‘माफी’ घातला असता तर तिला वाटलं असतं, काहीतरी नाही म्हणतोय. म्हणून तेवढं इंग्रजीत सांगितलं आणि सहकाऱ्याला म्हणालो, हे तू तिला समजावून सांग.

संदेशापुढं एकच बारीक खूण दिसत राहिली. पोचला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कामावर जायचो, आता जवळच एका कारखान्याच्या पाणीशुद्धीकरणाचं बघतो, आणि दर वेळी वाल्व फिरवून झाला की फोन बघायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन खुणा झाल्या. ऐकला की नुसता पोचला, ते त्यावरून कळत नाही. सहकाऱ्याला विचारलं तर त्याचं उत्तर नाही. चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी त्याचा एक फोटो आला आणि खाली तीन शब्द, इंग्रजीत: ती यात आहे.

फोटो ट्रकच्या मागून काढलेला. फळीवर, गाठोड्यांवर, एकमेकींच्या मांडीवर बसलेली माणसं, उन्हामुळं चेहरे काळपट. मी मोजली. एकतीस झाली. पुन्हा मोजली तर तेहतीस. बायकोनं चष्मा लावून पिवळं फडकं बांधलेल्या एका बाईवर बोट ठेवलं. “हीच असणार.”

“कशावरून?”

“मला वाटतं.”

मला ती वाटत नव्हती. पण मी जिच्यावर बोट ठेवलं, ती फारच तरुण होती. आठ महिने रोज पाहिलेला चेहरा, आणि मी एकतीस-तेहतीसांतून तो काढू शकत नव्हतो. शेवटी शरम सोडून सहकाऱ्याला विचारलं, यातली ती कोणती?

संध्याकाळी उत्तर आलं: हसते आहे ती.

आम्ही दोघांनी फोटो मोठा करून पाहिला. त्यात दोघी हसताहेत. तिसरीनं तोंडावर हात धरला आहे, ती हसते आहे, खोकते आहे की धूळ चुकवते आहे, ते कळत नाही. अजून मोठा केला तर नुसते चौकोन दिसतात. बायको म्हणाली, बसली ना ट्रकमध्ये, मग झालं. झालं, हे खरंच. सहकाऱ्याला मी लिहिलं, दिसली.